रोवणीची खोळ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. मी शिवणकाम शिकवते, म्हणून ही ब्लाऊजच्या कटिंगवर बोलेल असं काहींना वाटलं असेल. मी मात्र युरियाची रिकामी थैली घेऊन आले आहे. मागच्या रांगेत दिसतंय ना?

थैलीच्या बुडाचा हा एक कोपरा आत ढकलायचा आणि दुसऱ्या कोपऱ्यात नीट बसवायचा. झाली खोळ. टोक डोक्यावर, बाकीची पाठीवर. ज्यांच्या घरी धान होतं त्यांना हे सांगायला नको.

रोवणी करणाऱ्या बाईला छत्री चालत नाही. डाव्या हातात पऱ्ह्याची पेंढी, उजवा हात चिखलात, कंबर वाकलेली. पाऊस डोक्यापेक्षा पाठीवर जास्त पडतो. म्हणून पांघरूण असं हवं, की न धरता डोक्यावर बसेल, पाठ झाकेल आणि पाणी मागे सोडेल. कोकणात हेच काम इरलं करतं. बांबूच्या कांबट्यांची जाळी, मध्ये पानांचे थर. दुरून बघितलं तर बांधीत कासवं चरताहेत असं वाटावं. आपल्या सीमेपलीकडे छत्तीसगडात गुराख्यांची बांबूची खुमरी असते, पण ती टोपीसारखी. उभ्या माणसाला ठीक, वाकलेल्या बाईच्या पाठीला तिचा उपयोग नाही.

शिवणकामाच्या पुस्तकांत मी बॉनेटं पाहिली. शहरी बायकांची फिती-फुलांची असत, त्यांच्याबद्दल मला फारसं काही वाटलं नाही. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शेतावर राबणाऱ्या बायका सुती सनबॉनेट घालत, ते पाहून थांबले. चेहऱ्यापुढे लांब काठ, तो ताठ राहावा म्हणून आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या. धुताना पट्ट्या काढून ठेवायच्या. मागे मानेवर कापडाची झालर, कारण वाकलं की ऊन मानेवर येतं. तिथे ऊन, इथे पाऊस, वाकणं तेच. आपल्या तान्ह्या बाळांच्या कुंचीलाही मागे असंच पाठ झाकणारं कापड असतं. कुंची मात्र आपण हौसेनं शिवतो, जरीकाठ लावतो. खोळीला कोणी काठ लावला नाही.

गोणपाटाची खोळ उबदार, पण भिजली की मणाची होते. प्लास्टिकची हलकी, पाणी आत येऊ देत नाही, पण घामही बाहेर जाऊ देत नाही. संध्याकाळी माय आतून ओली होऊन यायची.

आता जे सांगायचं ते सांगते. सातवीत असताना एका सकाळी धो धो पाऊस होता. मायनं आपली खोळ माझ्या डोक्यावर घातली आणि शाळेत पाठवलं. पाठीवर युरियाची मोठी अक्षरं. तुमच्यापैकी कोणी हसलं नव्हतं, हे मी आज मुद्दाम सांगते. पण मला लाज वाटली. परत जाताना मी ती रस्त्याच्या मोरीखाली कोंबली आणि वाऱ्यानं उडाली असं घरी सांगितलं. घरात दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी माय नुसता पदर घेऊन रोवणीला गेली. रात्री तापानं फणफणली. ऐन रोवणीची तीन दिवसांची मजुरी बुडाली. नंतर तिच्या डोक्यावर पुन्हा खोळ दिसली, तेव्हा मला वाटलं कुणाकडून तरी नवी थैली मागून आणली असेल.

माय आता थकली आहे. मागच्या पावसाळ्यात ओसरीत बसलो होतो, तेव्हा मी तिला खरं सांगून टाकलं. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "मले मालूम होतं. ताप उतरल्यावर मोरीखालून काढून आणली. चांगली होती, दोन पावसाळे चालली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलली असती त तू छत्री मांगली असती."

थैली मी या टेबलावर ठेवते. कोपरा आत कसा बसतो ते ज्यांना करून बघायचं असेल, त्यांनी जेवणानंतर या. बाई, तुम्हीही या.