बदल दिसला, पुढे काय?

गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल आढळला म्हणजे कर्करोग झाला, असं मुळीच नाही. बरेचसे सौम्य बदल आपोआप बरे होतात. मग बळावणारे कोणते? ते सांगणाऱ्या जैविक खुणा आता तपासता येतात. हे बदल घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा 16 किंवा 18 हा प्रकार शरीरात टिकून राहिला, तर धोका जास्त. पी16 प्रथिन एरवी पेशीची वाढ रोखतं, केआय-67 वाढ चालू असल्याचं दाखवतं. दोन्ही एकाच पेशीत दिसली, तर तिथला वाढीवरचा ताबा सुटलेला असतो.

तपासणीचा उपयोग होतो का, हे पाहायला उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 31 हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिशी उलटली असेल, तर काही त्रास नसला तरी तपासून घ्या.