समुद्राच्या पंचायतीत कोण बसणार?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, "वर्धापनदिनी तुम्ही बोलायचे." विषय कोणता, असे विचारले तर म्हणाल्या, "तुमचा समुद्र." आता आपण सगळ्या शाली पांघरून पाचगणीच्या गारठ्यात बसलेल्या. आपल्याकडे मासा येतो तो बर्फाच्या पेटीत बसून, पसरणीचा घाट चढून. अशा मंडळींपुढे समुद्राची कथा लावावी तरी कशी, हा प्रश्न मला पडला. परंतु माझे माहेर मालवणचे आणि सासर येथले. इतकी वर्षे येथे काढली, शाळेत मुलींना भूगोल शिकविला, तरी पावसाच्या पहिल्या सरीला मला अजून वाळूचाच वास येतो. शिवाय जी गोष्ट मी सांगणार आहे, तिचे दुसरे टोक आपल्या टेबललँडला येऊन पोचते. तेव्हा थोडा वेळ मजबरोबर खाली किनाऱ्यावर चला.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आपणांपैकी पुष्कळजणींनी सहलीत पाहिला असेल. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर तो बांधावयास घेतला. होडीतून किल्ल्याकडे जाताना सगळ्यांचे डोळे तटाकडे असतात. पाण्याखाली काय आहे हे कोणी पाहत नाही. तेथे खडकांच्या कपारींत प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ते इवले इवले जीव एकमेकांना चिकटून वसाहत करून राहतात आणि त्यांच्या आडोशाला माशांची पिले वाढतात. होडीचा नांगर वरून पडला किंवा पोहणाऱ्याने त्यावर पाय रोवला, की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. म्हणून १९८७ साली सरकारने येथील २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र 'मालवण सागरी अभयारण्य' म्हणून जाहीर केला. त्यातला सुमारे तीन चौरस किलोमीटरांचा भाग, म्हणजे सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालचे खडक, हा गाभा. बाकीचा त्याच्या भोवतीचा पट्टा.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्या पाण्यावर रेषा ओढली त्या पाण्यावर शेकडो चुली पेटत होत्या. मालवणचा गाबीत रेषेचे नाव ऐकून बिथरला. आज खडकापाशी जाऊ नका म्हणतील, उद्या जाळेच टाकू नका म्हणतील, ही त्याची धास्ती. विरोध झाला, सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले. मासेमारांचे समाधान झाले नाही आणि प्रवाळांचेही भले झाले नाही. पुढे पर्यटक आले, पाण्यात बुड्या मारण्याचा नवा धंदा आला, आणि ज्या खडकांवरून एवढे भांडण झाले होते त्यांच्यावर होड्यांची रीघ लागली.

माझी थोरली आते मासे विकायची. रापण लागली की पहाटे किनाऱ्यावर हजर. रापण म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. होडीतून मोठे जाळे अर्धवर्तुळात सोडतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि तीस-चाळीस माणसे दोन बाजूंनी ते ओढीत आणतात. मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. हा हिशेब कोणत्या सरकारी पुस्तकात नव्हता, तरी तो चुकविण्याची छाती कोणाची नसे. तशीच नारळी पौर्णिमा. पावसाळ्यात दर्यात जायचे नाही, नारळ वाहिल्यावर जायचे. मासा अंडी घालतो त्या दिवसांत त्याला हात लावू नये, हे शहाणपण पूजेच्या रूपाने पाळले जात होते. आता कायद्याने १ जून ते ३१ जुलै बंदी असते. सांगायचे एवढेच की, समुद्राची पंचायत कशी चालवावी हे त्या लोकांना अगदीच ठाऊक नव्हते असे नाही.

एकदा अशाच एका विषयावर एका कार्यालयाने सभा बोलाविली. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण अशी सभा कोठेही होऊ शकते. मी सुटीला माहेरी होते, म्हणून आतेबरोबर गेले. पुढे खुर्च्या, मागे बाके. आम्हां बायांना बाके मिळाली. भिंतीवर नकाशा होता, त्यावर रंगीत रेषा होत्या. दीड तास बोलणे झाले. शेवटी साहेबांनी विचारले, "कोणाच्या काही सूचना?" आते उभी राहिली. म्हणाली, "बांगडो बारको झालो, ह्या कोणी लिवन घेतलां काय?" सभेत हशा पिकला. साहेबही हसले, दुष्टपणाने नव्हे. आणि चहा आला.

पुढे त्या सभेचा वृत्तांत मी मुद्दाम मिळवून वाचला. त्यात आतेचे वाक्य नव्हते. 'महिलांची उपस्थिती उल्लेखनीय होती', एवढे मात्र होते.

भगिनींनो, ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती. पूर्वी पाटीत मावतील तितके बांगडे मोजून विकणारी बाई जेव्हा सांगते की आता त्याच पाटीत जास्त नग बसतात, तेव्हा ती माशांच्या वाढीचे मापच सांगत असते. लहान मासा पकडला जातो याचा अर्थ मोठे व्हायला त्याला अवधी मिळत नाही. हे माप घ्यायला शास्त्रज्ञ बोट घेऊन जातात, आणि जायलाच हवे. पण आतेने ते चाळीस वर्षे, रोज, फुकट घेतले होते. ते लिहून घ्यायला कोणी नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मी घरी बसून तो वाचला. भाषा रुक्ष आहे, पण वाचण्याजोगी आहे. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात १९९१ साली अशी तरतूद घातली की, समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा तर स्थानिक मासेमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करावी. फार चांगले. परंतु मालवणची रेषा १९८७ ची, म्हणजे तजवीज मागून आली. नंतर २००२ च्या दुरुस्तीने ३३-ब हे कलम आले. प्रत्येक अभयारण्यासाठी एक सल्लागार समिती असावी, आणि आसपास राहणाऱ्या लोकांचा सहभाग कसा घ्यावा यावरही तिने सल्ला द्यावा, असे त्यात आहे. मला बरे वाटले. मग सभासदांची यादी वाचली. वनखात्याचा वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष, त्या भागाचा आमदार, पंचायतराज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीवांचे काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृहखात्याचा एक, आणि पशुवैद्यक खात्याचा एक!

येथे मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. समुद्राच्या समितीवर गुरांच्या डॉक्टरांच्या खात्याला जागा आहे, मत्स्यव्यवसाय खात्याचे नाव नाही, कोळ्याचे नाव नाही, आणि बाईचे तर नाहीच. दोष कोणा एकाचा नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जंगल होते. आपला शब्दसुद्धा पाहा ना, पाण्यालाही आपण 'अरण्य'च म्हणतो. पंचायतराजच्या तीन जागांतून कोळी येऊ शकेल असे कोणी म्हणेल. पण मालवण शहरात ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. म्हणजे किल्ल्यासमोर ज्यांची घरे आहेत त्यांचीच अडचण. अर्थात, यादीबाहेरच्या कोणाला घेऊ नये असेही कायद्यात कोठे म्हटलेले नाही. ज्याला बोलवायचे आहे त्याला वाट सापडते.

परदेशात हे कसे करतात? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला प्रवाळांची प्रचंड रांग आहे. १९७५ साली कायदा करून त्यांनी तिचे सागरी उद्यान केले. त्याचा विस्तार आज सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. १९९९ पासून त्यांनी किनाऱ्यावरच्या गावोगावी स्थानिक सल्लागार समित्या नेमल्या. पुढे मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे तेहतीस टक्के करायचे ठरले. केवढी आरडाओरड झाली असेल! पण आराखडा आधी लोकांपुढे ठेवला, त्यावर एकतीस हजारांहून अधिक सूचना आल्या, त्या वाचून काही ठिकाणी रेषा हलविल्या आणि २००४ साली तो लागू केला. कुरकुर तेथेही उरली, नुकसानभरपाईची भांडणेही झाली. तथापि आपले पत्र कोणी वाचलेच नाही, अशी तक्रार करायला फारशी जागा उरली नाही.

अमेरिकेचा सागरी अभयारण्यांचा कायदाही १९७२ चाच, आपल्या कायद्याच्या वयाचा. तेथील सल्लागार मंडळांत जागांना नावे असतात: ही जागा मासेमारांची, ही पाणबुड्यांची, ही शिक्षकांची, ही साध्या नागरिकाची. बैठक कोणीही येऊन ऐकू शकतो. मंडळाला हुकूम काढण्याचा अधिकार नाही, सल्ला देण्याचाच आहे. पण चारचौघांत दिलेला आणि लिहून ठेवलेला सल्ला बाजूला सारायचा तर अधिकाऱ्याला कारण द्यावे लागते. माझ्या मते सगळी मेख येथे आहे. नुसते बोलावून काही होत नाही. बोललेले लिहिले गेले पाहिजे, आणि पुढच्या बैठकीत त्याचे उत्तर मिळाले पाहिजे. नाही तर समिती म्हणजे हळदीकुंकू. येऊन, वाण घेऊन, घरी जायचे.

आपल्या किनाऱ्यावर सगळेच निराशेचे आहे असे समजू नका. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ पासून गावकऱ्यांनी एका निसर्गप्रेमी संस्थेच्या मदतीने कासवांची घरटी राखली. पूर्वी जी अंडी उकरली जात, ती आता रात्री जागून सांभाळतात. पिले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात, आणि त्यांना जेवू घालून गृहिणींच्या हाती चार पैसे पडतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवितात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची जाळी लावून पाहिली. नेहमीचा आस ओढताना मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो आणि बारका मासा निसटून जातो. आतेचे वाक्य कोणीतरी, कोठेतरी ऐकले असावे, असे मला उगाच वाटून गेले.

आणि आता घाट चढून वर येऊ. आपल्या जिल्ह्यातले कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर काम पाहतात, आणि फुलांच्या दिवसांत रोज किती माणसे सोडायची याचा आकडाही ठरलेला असतो. पठाराला मध्यंतरी जाळीचे कुंपण घातले होते. गुरे चरायची थांबली की गवत माजते आणि फुले दबतात, असे गावकरी म्हणत. ते कुंपण अखेर काढावे लागले. गुराख्याला आधी विचारले असते तर तारेचा खर्च तरी वाचला असता.

आपले गाव तर स्वतःच राखीव रेषेच्या आत आहे. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यासाठी वरच्या पातळीवर देखरेखीची समिती आली. त्याखेरीज २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे नगरपरिषदेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले, आणि २००४ च्या नियमांत तिच्यावर निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे स्पष्ट लिहिले. म्हणजे मालवणच्या समुद्राच्या समितीत जी जागा माझ्या आतेला कायद्याने दिली नाही, ती येथे आपल्याला दिलेली आहे. या समितीचे मुख्य काम नोंदवही करण्याचे: कोणती झाडे, कोणते पक्षी, कोणते झरे, कोणते कंद, आणि त्यांविषयी लोकांना काय ठाऊक आहे.

मग मला सांगा, टेबललँडवर पहिल्या पावसात पाणी कोठे साचते आणि कोणत्या डबक्यात बेडूक अंडी घालतात, हे कोणाला माहीत? तेथे कणसे भाजणाऱ्या बाईला. कोणता झरा मार्चमध्ये आटतो आणि पूर्वी मेपर्यंत वाहत असे? घागर घेऊन जाणारीला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात फवारे वाढल्यापासून मधमाश्या किती उरल्या, हे वाफ्यात वाकून काम करणारीला. यांपैकी काही बाया आज या सभेतही मागे बसल्या आहेत. मागे का बसल्या, हा प्रश्न मंडळानेही स्वतःला विचारावा. मी येथे आले तेव्हा मीही पुढचीच खुर्ची पाहिली.

मी चिटणीसबाईंजवळ एका अर्जाचा मसुदा दिला आहे. नगरपरिषदेला तीनच गोष्टी विचारल्या आहेत: समितीवर कोण कोण आहेत, शेवटची बैठक केव्हा झाली, आणि तिचा वृत्तांत पाहावयास मिळेल काय. चहानंतर तो वाचून ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. त्याच्याच मागे एक कोरी वही ठेवली आहे. झरा, झाड, पाखरू, जे कोणाला आठवेल ते तिच्यात तारखेसह लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी लिहून घेईन. मी येथेच दारापाशी बसते.