कागदी जामीन

जामीन हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. दुसऱ्याची जबाबदारी घेऊन उभा राहतो तो जामीन. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या काही जणांना असाच एक जामीन द्यावा लागतो. त्याचं नाव 'एसआर-२२'. नाव एखाद्या बसच्या नंबरासारखं, पण त्यापायी माणसाची नोकरी अडकते.

माझा भाचा इलिनॉय राज्यात, शिकागोच्या बाहेर राहतो. हप्ता थकला, विमा बंद पडला आणि नेमकी त्याच दिवसांत त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. लायसन्स निलंबित झालं. तिथल्या उपनगरात कोपऱ्यावर रिक्षा उभी नसते. कामावर जायचं कसं?

लायसन्स परत हवं तर आधी समोरच्याच्या नुकसानीचा निकाल लावायचा, शुल्क भरायचं आणि विमा कंपनीकडून राज्याकडे एसआर-२२ दाखल करून घ्यायचं. हा काही विमा नव्हे. या माणसाकडे कायद्याला लागतो तेवढा विमा आहे, असं कंपनीने सरकारला दिलेलं ते प्रमाणपत्र. ते दाखल करण्याची फी किरकोळ असते. कंबर मोडते ती प्रीमियमने. कारण कंपनीच्या लेखी तो आता 'हाय रिस्क'. चांगला हसतमुख पोरगा, पण वहीत असा!

इलिनॉयमध्ये हे तीन वर्षं चालू ठेवावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात हा प्रकारच नाही. फ्लोरिडात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी याहून कडक 'एफआर-४४' आहे. आणि गंमत पाहा, हा जामीन खबऱ्याही असतो. पॉलिसी बंद पडली की कंपनी राज्याला कळवते, लायसन्स पुन्हा निलंबित. गाडी विकली तरी सुटका नाही. गाडी नसलेल्या चालकासाठी वेगळी पॉलिसी मिळते, ती घ्यायची.

आपल्याकडे विमा गाडीचा, लायसन्स माणसाचं. दोघांची गाठ क्वचितच पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि मोटारीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, एवढंच.

भाचा धाकट्या बहिणीच्या लग्नाला दोन महिने येतोय. "मामू, गाडी उभीच राहणार, मग विमा कशाला भरू?" म्हणाला. म्हटलं, "बेटा, आधी एजंटला विचार." विचारलं त्याने. हप्ता चालू ठेवलाय, तिकीटही काढलंय.