जीपचा ‘टक्’ आणि आपला स्पीडब्रेकर

(संस्थेच्या आवारात २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सी विंगमधील एका सभासदांनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक मंडळ)



सचिवांनी फोन करून सांगितलं, “रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, प्रत्येक विंगमधून एकाने दहा मिनिटं बोलायचंय. विषय तुमचा तुम्ही ठरवा.” मी म्हटलं, “अहो, मला जीपशिवाय दुसरं काय येतं?” ते म्हणाले, “मग त्या आवाजाचंच सांगा. ऐकलाय सगळ्यांनी, पण तो गेला कसा ते कुणालाच माहीत नाही.”

तर तो आवाज. गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत, रोज सकाळी सव्वासातला, गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर एकच ‘टक्’. पहिल्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या होत्या, “तुमच्या गाडीचा टक् ऐकला की मी दुसरा चहा टाकते.” लोकांना गंमत वाटायची, माझी मात्र झोप उडाली होती.

माझी जीप जुनी, सेकंडहँड घेतलेली, फोर व्हील ड्राइव्ह. सुट्टीच्या दिवशी चिखलात, ओढ्यात, दगडधोंड्यांच्या वाटेवर घालायला घेतली. तिला आजच्या गाड्यांसारख्या गोल स्प्रिंगा नाहीत, चारही चाकांना कमानीचे पाटे आहेत. बैलगाडीची धाव असते तशा पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या. त्या पाट्यांवर गाडीचा सगळा भार. पाटा आणि ॲक्सल यांना एकत्र आवळून धरतात ते यू-बोल्ट, प्रत्येक बाजूला दोन. आणि सगळ्या पट्ट्यांच्या मधोमध भोक पाडून एक बारीक बोल्ट घातलेला असतो, तो सेंटर बोल्ट. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आवाज सुरू झाला तेव्हा मी काय केलं? जे आपण सगळेच करतो तेच. आवाज माझ्या उजव्या पायाखालून येतोय असं वाटलं म्हणून तिथलं बघायला लावलं. एका गॅरेजवाल्याने गाडी हलवून बघितली आणि म्हणाला, “शॉकअप गेलेत.” चारही बदलले. आठ दिवस मनाची समजूत घातली की कमी झालाय. नवव्या दिवशी टक्. मग दुसऱ्याने सांगितलं, शॅकलचे रबरी बुश बदला. बदलले. पुन्हा टक्. तिसरा म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तेव्हा घरातून हात जोडले गेले!

या सगळ्यात मी एक चूक केली, तीही आज सगळ्यांसमोर सांगतो. आदल्या दिवाळीत मी गाडीची उंची वाढवायला मागचे पाटे उतरवून त्यांत एक-एक पट्टी वाढवून घेतली होती. ते काम माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी केलं होतं. मला वाटलं, यांनीच काहीतरी बिघडवलं. फोनवर मी त्यांना नको ते बोललो. “काम जमत नसेल तर घेत जाऊ नका,” असं म्हणालो. वीस वर्षांची ओळख. ते फक्त एवढंच म्हणाले, “साहेब, गाडी घेऊन या, बघतो.” मी गेलो नाही.

गणपती जवळ आले. आम्ही दरवर्षी ताम्हिणी घाटाने कोकणात गावी जातो. बरोबर आई, वय वर्षं ७८, बायको आणि मुलगी. आठ दिवस उरले होते आणि गाडीत काय वाजतंय ते मला माहीत नव्हतं.

आणि मग आपले गेटवरचे मामा एक दिवस सहज बोलले, “साहेब, सकाळी जाताना वाजते. संध्याकाळी येताना नाय वाजत.”

मी गाडी बंद करून तिथेच उभा राहिलो. स्पीडब्रेकर तोच, गाडी तीच, वेगही तोच. मग जाताना आणि येताना फरक काय? बघा, आपल्या गेटला रस्त्याच्या बाजूला उतार आहे. जाताना मी ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. येताना चढ असतो, ब्रेक लागत नाही, इंजिन गाडी वर ओढतं. म्हणजे आवाज खड्ड्याचा नव्हताच, ब्रेकचा होता! गाडी पुढे जाताना ॲक्सल पुढे रेटला जातो, ब्रेक लावला की मागे ओढला जातो. मधे कुठे थोडी जरी मोकळीक असेल तर तो तेवढा सरकणार आणि ‘टक्’ करून थांबणार. शॉकअप आणि बुश दोन्ही त्या क्षणी निर्दोष सुटले.

मामांनी दुसरंही एक सांगितलं. आवाज मागून डावीकडून येतो. आणि मी तीन महिने उजव्या पायाखाली शोधत होतो! याचं कारण साधं आहे. आवाज पोलादातून हवेपेक्षा जवळजवळ पंधरापट वेगाने जातो आणि फारसा कमी न होता जातो. मागच्या चाकापाशी ठोका पडला की तो अख्ख्या चॅसिसमधून फिरून जिथे पत्रा सैल असेल तिथे उमटतो. म्हणून गाडीत बसलेल्याचा कान फसतो, बाहेर उभ्या असलेल्याचा सहसा फसत नाही.

आता खात्री करायची होती. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी सपाट जागेवर घेतली. काकूंकडून शिवणकामाचा खडू आणि टेप मागून आणला. मागच्या दोन्ही पाट्यांवर, पट्ट्यांवरून खाली ॲक्सलच्या बैठकीपर्यंत खडूची एकेक सरळ रेघ ओढली. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या बोल्टपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक! तरी मी म्हटलं, टेप कपड्याचा, गाडी जुनी, लगेच निष्कर्ष नको. मामांना लांब उभं केलं आणि चालण्याच्या वेगाने गाडी पुढे घेतली, ब्रेक. मागे घेतली, ब्रेक. असं तीनदा. उतरून बघतो तर उजवीकडची रेघ अखंड, डावीकडची मधेच तुटून पायरीसारखी झालेली. ॲक्सल पाट्याखाली सरकत होता.

गाडी तिथून हलवली नाही. मिस्त्रींना फोन केला. या वेळी आवाज खाली आणून. ते दुपारचं जेवण सोडून आले. गाडी उचलली, चॅसिसखाली घोड्या लावल्या, पाना घातला. डावीकडच्या एका यू-बोल्टचा नट बोटांनी फिरला. पाटा सोडवला तर सेंटर बोल्टचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले.

झालं असं होतं. लोकांना वाटतं सेंटर बोल्टच ॲक्सल धरून ठेवतो. तसं नाही. गाठोडं दोरीने आवळतो, तसे यू-बोल्ट आवळून धरतात. सेंटर बोल्ट म्हणजे त्या गाठोड्यातली टाचणी, पट्ट्या एकत्र ठेवायची आणि ॲक्सलची जागा दाखवायची. दोरी सैल झाली की सगळा भार टाचणीवर येतो आणि टाचणी तुटते. त्यानंतर ॲक्सलला जागेवर ठेवायला काहीच उरत नाही. एका बाजूचा ॲक्सल ब्रेक लावताना सरकला तर मागची चाकं तिरकी होतात आणि गाडी एका अंगाला ओढते. पार्किंगमध्ये एक सेंटिमीटर. ताम्हिणीच्या उतारावर, पावसात, चार माणसं आणि सामान घेऊन किती, हे मला मोजावं लागलं नाही, एवढंच.

नवा सेंटर बोल्ट, दोन्ही बाजूंना नवे यू-बोल्ट आणि नवे नट. यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा वापरू नये, असं मिस्त्रींनी सांगितलं. गाडी चाकांवर उतरवून नट आलटून-पालटून, ठरलेल्या जोरापर्यंत आवळले. सगळा खर्च शॉकअपच्या चौथाईसुद्धा झाला नाही.

आता खरी गोष्ट. यू-बोल्ट सैल का झाले? मिस्त्री काही बोलले नाहीत. संध्याकाळी गाडीचे कागद ठेवायच्या कप्प्यात मला दिवाळीतलं बिल सापडलं. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : “५०० कि.मी. झाल्यावर यू-बोल्ट टाइट करायला आणणे.” नव्या पट्ट्या, नवा रंग, सगळं एकमेकांवर बसतं, दबतं आणि त्यामुळे नट सैल पडतो. म्हणून काही दिवसांनी पुन्हा आवळायचा असतो. त्यांनी सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. मी वाचलंच नव्हतं, आणि बोललो मात्र त्यांना.

दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेलो आणि सर्वांदेखत माफी मागितली. फोनवर एकट्याला बोललो होतो, पण माफी चार लोकांत मागायची, असं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी हात पुसले, चहा सांगितला आणि म्हणाले, “जाऊ द्या साहेब. घाटात नाही तुटला, हे नशीब.” कोकणातून आलो तो आधी त्यांच्याकडे गेलो. नट थोडेसे फिरलेच!

तुमच्यापैकी जीप फारशा कुणाकडे नाहीत, गाड्या मात्र घरोघरी आहेत. म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. आवाज आला की आधी वही काढा, पाकीट नको. कधी येतो, चढाला की उताराला, ब्रेक लावल्यावर की वळताना, गार गाडीला की गरम, रिकामी की भरलेली, हे लिहा. कुरकुर म्हणजे बहुधा सुकलेलं रबर किंवा एकमेकांवर घासणारे पाटे. सतत खडखड म्हणजे बहुधा सायलेन्सर किंवा सैल पत्रा. पण दिशा बदलताना एकदाच ‘टक्’ आला, तर काहीतरी जागा सोडतंय असं समजा आणि वेळ घालवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही. आणि मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घोडी लावल्याशिवाय नाही, चाकाला दगड लावल्याशिवाय नाही.

शेवटी आपल्या सोसायटीबद्दल. आपल्या तक्रार वहीत मी सहज चाळलं तर दहा ठिकाणी लिहिलंय, “पंप आवाज करतो.” कधी करतो? टाकी भरताना की बंद होताना? कुणीच लिहिलेलं नाही. लिफ्टचंही तेच. बिचारा दुरुस्तीवाला येतो, तेव्हा आवाज नेमका गप्प असतो. पुढच्या तक्रारीत वेळ आणि प्रसंग लिहा. आणि मामांना विचारा. ते दिवसभर गेटवर बसून ऐकत असतात.

गेटचा स्पीडब्रेकर करायचा ठराव आला, तेव्हा विरोधात हात वर करणारा मी एकटाच होतो. सचिव साहेब, आजच्या दिवशी तो विरोध मी मागे घेतो. इतिवृत्तात नोंद करून घ्यावी.

काकू, तुमचा खडू अजून माझ्याकडे आहे. आणि सव्वासातचा टक् आता येत नाही, तेव्हा दुसऱ्या चहासाठी गजर लावावा लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

जय हिंद, जय महाराष्ट्र.