शस्त्राविना रणांगणावर
युद्ध म्हटले की शस्त्र आठवते. परंतु आंबिवलीच्या या सभेत आज जखमा शिवणाऱ्या हातांचे स्मरण व्हावे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. परदेशी असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरी दुःखी माता होती, समोर जखमी सैनिक होते. ते तेथेच राहिले. १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पुत्र तेव्हा काही महिन्यांचा होता. जैन परंपरा अभयदानास श्रेष्ठ दान मानते. अनोळखी जखमींना त्यांनी तेच दिले.