ड्रायरला वारा हवा



आषाढ लागला की मुंबई-ठाण्यापासून खाली रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंत घरोघरी एकच विवंचना असते. कपडे वाळवायचे कुठे? पंख्याखाली दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठींवर शाळेचे गणवेश, आणि तिसऱ्या दिवशीही जीन्सच्या शिवणीत ओल आणि कुबट वास. म्हणून शहरांतल्या काही घरांत आता कपडे वाळवण्याचं यंत्र, ड्रायर, आलंय. घरगुती यंत्रांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. पावसाळ्यात मला येणारी तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. ‘यंत्र फिरतंय, आत गरमही लागतंय, पण दोन-दोन तास झाले तरी कपडे ओलेच!’ अशा घरी हत्यारांची पेटी उघडावी लागतेच असं नाही. यंत्र धडधाकट असतं, त्याचा वारा अडलेला असतो.

ड्रायरमध्ये हीटर हवा तापवतो, पंखा ती हवा फिरत्या ड्रममधून ओढतो आणि कपड्यांतलं पाणी वाफ होऊन तिच्यासोबत बाहेर पडतं. वाफ करायला उष्णता लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती वाफ बाहेर नेतो तो वारा. तो कमी पडला की ड्रममध्ये दमट हवा कोंडते, आणि दमट हवा आणखी पाणी उचलत नाही. मग हीटर चालू राहतो, वीज जळत राहते, कपडे तसेच. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता लागतेच, यंत्र कितीही चांगलं असो. त्यामुळे धुलाई मशीनमध्येच कपडे जास्त वेगाने पिळून घ्या. ८०० फेऱ्यांवर पिळलेल्या पाच किलो सुती कपड्यांत साडेतीन किलोच्या आसपास पाणी उरतं, १४०० फेऱ्यांवर ते अडीच किलोवर येतं. तेवढा एक लिटरचा भार ड्रायरवरून उतरतो.

आता जाळीकडे येऊ. दारापाशी किंवा ड्रमच्या आत एक बारीक जाळी असते. कपडे घासले जाताना त्यांचे बारीक तंतू सुटतात आणि या जाळीवर अडकतात. आम्ही त्याला लिंट म्हणतो. नवे टॉवेल आणि सुती चादरी सगळ्यात जास्त लिंट सोडतात. पुष्कळ दिवस न काढलेला थर मी जाळीवरून उचलतो तेव्हा तो अख्खा एका तुकड्यात निघतो. राखाडी-निळसर, बोटभर जाड, नमद्यासारखा घट्ट, आणि त्यात गुंतलेले केस, दोऱ्याचे तुकडे, कधी एखादी सेफ्टी पिन. यातून वारा जाणार कसा? जाळी प्रत्येक वेळी साफ करायची असते. दर आठवड्याला नव्हे, आठवण होईल तेव्हा नव्हे, प्रत्येक वेळी.

लिंट काढला तरी जाळी मोकळी असेलच असं नाही. कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरलं की त्याचा चिकट, न दिसणारा पापुद्रा जाळीवर बसतो. त्याची परीक्षा सोपी आहे. जाळी नळाखाली धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. ते जाळीवर साचून राहिलं तर जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या कोमट पाण्याने जाळी घासा, पूर्ण वाळवा आणि मगच बसवा.

जाळीतून निसटलेला लिंट पुढे पाइपात जातो. भिंतीवर टांगलेल्या साध्या ड्रायरला दमट हवा बाहेर सोडणारा पन्हाळीदार पाइप असतो. तो यंत्रामागे दबून चपटा होतो, नाहीतर गरजेपेक्षा लांब ठेवल्यामुळे त्याला वळणं पडतात आणि प्रत्येक वळणात लिंट साचतो. पाइप आखूड आणि सरळ ठेवा, वर्षातून निदान दोनदा काढून झाडा. त्याचं बाहेरचं तोंडही पाहा. मुंबई-पुण्यात तिथे कबुतरं काड्या आणून टाकतात. तोंडाला झडप बसवा, बारीक जाळी बसवू नका, कारण तिच्यावर लिंट अडकून वाट बंद होते. काही घरांत तर पाइप बाहेर काढलेलाच नसतो. काचा सरकवून बंद केलेल्या बाल्कनीत यंत्र दमट हवा सोडतं आणि तीच पुन्हा आत ओढतं. भिंतींवर बुरशी येते ती वेगळीच. पाऊस असला तरी निदान एक खिडकी उघडी हवी.

पाण्याची टाकी असलेले कंडेन्सर किंवा हीट पंप ड्रायर हवा बाहेर सोडत नाहीत, आतच पाणी गोळा करतात. त्यांची टाकी दरवेळी रिकामी करा. हीट पंपाच्या बारीक पातींवरची धूळ मऊ ब्रशने काढा, कारण पाती जोर दिला की वाकतात.

आता जे मला कळकळीने सांगायचं आहे, ते ऐका. वारा अडला की ड्रायर आतल्या आत प्रमाणाबाहेर तापतो. अशा वेळी थर्मल फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडतं, किंवा ड्रम नुसता फिरतो आणि हवा गार येते. हा फ्यूज यंत्राचं रक्षण करून गेलेला असतो. तो बदलण्याआधी जाळी, पाइप आणि पंखा साफ झालाच पाहिजे, नाहीतर नवा फ्यूजही उडेल. काही कारागीर फ्यूज मिळत नाही म्हणून दोन वायरी जोडून देतात आणि म्हणतात, ‘डायरेक्ट केलंय, आता त्रास नाही.’ श्रोतेहो, हे कधीही करू देऊ नका. सुका लिंट ठिणगीसरशी पेटतो, आणि डायरेक्ट केलेल्या यंत्राला थांबवणारं काहीच उरत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांतल्या आगी तपासल्या, तेव्हा घरातल्या ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत असल्याचं दिसलं. त्यांतलं सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं.

आगीचा हा धोका तेलकट कपड्यांत आणखी वाढतो. बाळाच्या मालिशचे टॉवेल, डोक्याला तेल लावून झोपणाऱ्यांचे उशीचे अभ्रे, स्वयंपाकघरातली फडकी. धुतल्यावरही त्यांत थोडं तेल उरतं. वनस्पतिजन्य तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग होतो आणि त्यातून उष्णता निघते. दोरीवर ती उडून जाते. पण गरम कपड्यांचा ढीग असेल तर ती आतच साठते आणि यंत्र बंद झाल्यावर काही तासांनीही ढीग पेटू शकतो. असे कपडे दोरीवरच वाळवा. ड्रायर शेवटची काही मिनिटं हीटर बंद ठेवून नुसता फिरतो, तो कपडे थंड करण्यासाठीच. घाई झाली म्हणून तेवढ्यात यंत्र बंद करू नका. आणि मधेच वीज गेली, जी पावसाळ्यात आपल्याकडे जातेच, तर ती येण्याची वाट न पाहता सगळे कपडे लगेच बाहेर काढून पलंगावर पसरा.

बाकीचे बिघाड तुलनेने साधे आहेत. मोटर चालते पण ड्रम फिरत नाही आणि हाताने तो सहज फिरतो, तर पट्टा तुटलाय. किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर ड्रमखालचे रोलर झिजलेत. ही दोन्ही कामं कारागिराची. कपडे ओले असतानाच यंत्र ‘झालं’ म्हणत असेल तर ड्रमच्या आत दारापाशी दिसणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या पाहा. ओल ओळखणारे सेन्सर ते. बोअरच्या जड पाण्याचा आणि कंडिशनरचा थर त्यांच्यावर बसतो. प्लग काढून व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसा. प्लग काढताना तो तापलाय का, खालचं प्लास्टिक तपकिरी पडलंय का, हेही बघा. दोन हजार वॉटच्या आसपासचं यंत्र सोळा अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच लावायचं, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

आपल्याकडे पुष्कळ घरांत मात्र सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा कपडे पिळणारा ड्रायर असतो. त्याच्या तक्रारी वेगळ्या. तो धडधडत असेल तर कपडे एका बाजूला गेलेत किंवा वरून दाबायची प्लास्टिकची चकती घातलेली नाही. ती नसली की रुमाल आणि मोजे उडून टबाखाली जातात आणि दांड्याला गुंडाळले जातात. नुसता घुं-घुं आवाज येतो आणि टब फिरत नाही, तर बहुधा कॅपॅसिटर गेलाय किंवा ब्रेक अडकलाय. कॅपॅसिटरला घरी हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. मशीनखालून उंदीर वायर कुरतडतात, म्हणून तळाला जाळी बसवून घ्या. आणि झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबला नाही, तर ब्रेक झिजलाय. टब पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नका, मुलांना तर जवळही फिरकू देऊ नका, आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तो ड्रायर वापरू नका.

शेवटी एक विनंती. गरम हवेचा ड्रायर लावून घराबाहेर पडू नका आणि रात्री तो लावून झोपू नका. घरात कुणीतरी मोठं माणूस जागं असेल तेव्हाच तो चालवा.