राखेखालचे तारे



पौष-माघात रात्रीची जेवणे आटोपली की कडेगावचे दिवे मागे टाकून जरा शिवाराकडे जा आणि मृग नक्षत्र पाहा. मधले ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. त्याच नक्षत्रातल्या एका तेजस्वी ताऱ्याला इंग्रजी पुस्तके रायजेल म्हणतात. हा शब्द अरबी ‘रिज्ल’ म्हणजे पाय, त्यावरून आला. बाणाच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका दिसेल. तो तेजोमेघ. अंतर सुमारे 1,300 प्रकाशवर्षे. तेथे तारे जन्मास येतात.

पण जन्म दिसत नाही. वायू आणि धूळ यांच्या दाट ढगात, शून्याखाली 260 अंशांच्या आसपासच्या थंडीत, वायूचा गोळा स्वतःच्या भाराने आकुंचन पावतो व आतून तापू लागतो. त्याचा प्रकाश भोवतालची धूळ गिळून टाकते. ती मात्र स्वतः कोमट होते आणि उष्णतेचे, म्हणजे अवरक्त, किरण सोडते. राखेखालचा निखारा डोळ्यांना दिसत नाही, वर हात धरला की समजतो, तसेच हे.

हे किरण विल्यम हर्शेल यांना 1800 साली लोलक आणि तापमापक यांच्या साहाय्याने सापडले. पुढे बेकलिन व नॉयगेबाउर यांनी मृगाच्या याच मेघात दृश्य प्रकाशात मागमूसही नसलेली एक वस्तू अवरक्तात टिपली व 1967 मध्ये जाहीर केली. 2021 च्या डिसेंबरात अवकाशात गेलेली वेब दुर्बीण आज असे मेघ फार बारकाईने दाखवते. पण तिची नजर सुमारे 28 मायक्रोमीटर तरंगलांबीपर्यंतच पोचते. सर्वांत थंड धुळीचे किरण त्याहून लांब तरंगांचे. ते जमिनीवर येत नाहीत, कारण हवेतील वाफ त्यांना वाटेतच शोषून घेते.

मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने काय केले? 100 सेंटिमीटर आरशाची दुर्बीण फुग्याला टांगून हैदराबादहून वर सोडली, तीही सुमारे 30 किलोमीटर उंच. तेथे 99 टक्क्यांच्या आसपास हवा खाली राहते. दुर्बिणीची स्वतःची ऊबसुद्धा मोजणीत लुडबुड करते, म्हणून शोधक यंत्रे द्रवरूप हेलियमने गारठवावी लागतात. जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने कार्बनच्या 158 मायक्रोमीटरच्या किरणांचे नकाशेही अशाच उड्डाणांतून तयार झाले. मला स्वतःला वेबच्या देखण्या चित्रांपेक्षा या फुग्याचे नवल अधिक वाटते.

कारण तो फुगा परत येतो. काम संपले की उपकरणांची पेटी हवाई छत्रीने खाली उतरते, कधी तेलंगणात, कधी कर्नाटकात, तर कधी वाऱ्याबरोबर आपल्या सोलापूरकडील शेतातही. कोणाच्या उभ्या ज्वारीत अशी पेटी दिसली तर तिला हात लावू नका, उघडू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी द्या. संस्थेची माणसे येऊन घेऊन जातात. कुतूहलापोटी कोणी एखादी तार जरी ओढली, तरी त्या उड्डाणाची सारी मोजणी वाया जाऊ शकते.